हाडे, सांधे आणि स्नायू: रचना, कार्य आणि नेहमीचे विकार

माणसाच्या शरीराला आकार देणे, ते उभे ठेवणे आणि हलवणे ही कामे अस्थिसंस्था आणि स्नायुसंस्था मिळून करतात. हाड म्हणजे तरफ, सांधा म्हणजे तिचा टेकू आणि स्नायू म्हणजे तिला लावलेले बळ. पाठ्यपुस्तकात या दोन संस्था वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, पण शरीरात एकीचे दुखणे दुसरीपर्यंत पोचतेच. मांडीचा स्नायू रोडावला की गुडघ्याच्या सांध्यावरचा भार वाढतो. हात मोडून प्लास्टरमध्ये राहिला की महिनाभरात दंड बारीक होतो आणि कोपर आखडते. म्हणून या विकारांचा विचार हाडे, सांधे, स्नायू आणि त्यांना जोडणारे दोर अशा चौघांचा एकत्रच करावा लागतो.

या विकारांचा पसारा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १७१ कोटी लोकांना यांपैकी कोणता ना कोणता त्रास आहे. जीव घेणाऱ्या रोगांमध्ये त्यांची गणना क्वचितच होते. माणसाचे चालणे, बसणे, कमावणे आणि स्वतःचे स्वतः करणे मात्र ते हिरावून घेतात.

सांगाडा

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. नवजात बाळात हाडांचे सुमारे ३०० सुटे भाग असतात. वाढीच्या वयात त्यांतले अनेक एकमेकांना जुळून जातात, म्हणून मोठेपणी संख्या कमी भरते. सांगाड्याचे दोन भाग मानतात. कवटी, पाठीचा कणा, बरगड्या आणि छातीचे मधले हाड मिळून अक्षीय सांगाडा होतो. कानातली सहा सूक्ष्म हाडे आणि जिभेच्या मुळाशी असलेले हाड धरून त्यात ८० हाडे भरतात. उरलेली १२६ हाडे हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या खांद्याच्या व कमरेच्या कड्यांची. एका हाताच्या पंजात मनगटासह २७ आणि एका पावलात घोट्यासह २६ हाडे असतात. म्हणजे शरीरातली निम्म्याहून अधिक हाडे दोन पंजे आणि दोन पावले यांतच आहेत. बोटांचे कसब आणि पावलाचा लवचीकपणा यामुळेच शक्य होतो. सर्वांत लांब हाड मांडीचे. सर्वांत लहान हाड कानातले रिकिबीच्या आकाराचे असून ते जेमतेम तीन मिलिमीटर भरते.

पाठीच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात. त्यांच्या खाली पाच मणके जुळून झालेले त्रिकास्थी आणि तळाशी माकडहाड असते. दर दोन मणक्यांमध्ये बाहेरून चिवट आणि आतून मऊ अशी चकती असते. ती धक्का शोषते. कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, म्हणून कण्याचा विकार हा पुष्कळदा नसांचाही विकार ठरतो.

हाडांची मोजदाद हा जुना विषय आहे. चरकसंहितेत ३६० हाडे सांगितली आहेत. सुश्रुतसंहिता ते मत नोंदवून शल्यतंत्रानुसार ३०० हाडे मानते. दात, नखे आणि कूर्चा यांनाही हाडांत धरल्यामुळे हे आकडे आजच्यापेक्षा मोठे दिसतात. शब्दांचे अर्थही बदलले आहेत. सुश्रुतसंहितेतली ‘पेशी’ म्हणजे आजच्या मराठीतला स्नायू, आणि तिथला ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधणारे दोर. आजच्या मराठीत पेशी हा सजीवाचा सूक्ष्म घटक झाला आणि स्नायू हा शब्द मांसल अवयवासाठी रुळला. जुने ग्रंथ वाचताना ही अदलाबदल लक्षात ठेवली नाही तर अर्थाचा अनर्थ होतो.

हाड: एक जिवंत ऊती

वाळलेले हाड दगडासारखे दिसते, पण शरीरातले हाड रक्तवाहिन्यांनी भरलेले आणि सतत बदलणारे असते. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. स्फटिकांमुळे हाड दाबाला टिकते आणि तंतूंमुळे ताणाला. हाड काही दिवस आम्लात ठेवून खनिजे काढून टाकली तर ते रबरासारखे वाकते. जाळून तंतू नष्ट केले तर बोटाने चुरडते. लोखंडी सळई आणि काँक्रीट मिळून इमारत उभी राहावी, तशी ही जोडी आहे.

हाडात मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी काम करतात. अस्थिभंजक पेशी जुने हाड खरवडून काढतात, अस्थिजनक पेशी तिथे नवे हाड घालतात, आणि हाडात रुतून बसलेल्या अस्थिपेशी कुठे किती भार पडतो याची जाण ठेवतात. या मोडतोडीतून आणि बांधणीतून प्रौढ माणसाचा सांगाडा साधारण दहा वर्षांत नवा होतो. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ याने १८९२ मध्ये मांडले की हाड आपल्यावरच्या भारानुसार स्वतःची घडण बदलते. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताची हाडे दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतात. अवकाशात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या आणि कमरेच्या हाडांतून दरमहा एक ते दीड टक्का खनिज कमी होते. हाड वापरावर टिकते, हे अस्थिविज्ञानातले सर्वांत उपयोगी सूत्र आहे.

आधार देण्यापलीकडेही हाडांची कामे आहेत. कवटी मेंदूचे आणि बरगड्या हृदय-फुप्फुसांचे रक्षण करतात. हाडांच्या पोकळीतल्या तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि रक्ताची गुठळी अवलंबून असते. म्हणून रक्तातले कॅल्शियम घसरले की परावटू ग्रंथींचा संप्रेरक ते हाडांतून काढून घेतो. आहारातली तूट अशा रीतीने वर्षानुवर्षे हाडे भरून काढतात आणि ती तूट बाहेरून कुणाला दिसत नाही.

लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची चकती असते. मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाव्या आणि मुलांमध्ये सतरा-अठराव्या वर्षापर्यंत या चकत्या मिटतात आणि उंची थांबते. हाडाची घनता मात्र तिशीपर्यंत वाढत राहते. त्यानंतर ती हळूहळू उतरते. तरुणपणी जमवलेली ही पुंजी म्हातारपणी पुरवायची असते.

सांधे

दोन हाडे जिथे मिळतात तो सांधा. कवटीच्या हाडांमधले सांधे जवळजवळ अचल असतात. मणक्यांमधले सांधे थोडे हलतात. हातापायांचे बहुतेक सांधे मोकळे हलणारे असतात. अशा सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, भोवती पिशवीसारखे आवरण असते, आणि त्याच्या आतल्या पापुद्र्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, कोपर बिजागरीचा, तर आंगठ्याच्या बुडाचा सांधा खोगिराच्या आकाराचा. आंगठा इतर चारही बोटांना टेकतो तो या सांध्यामुळे, आणि सुई धरण्यापासून विळा धरण्यापर्यंतची पकड त्यावर उभी आहे.

हाडाला हाड बांधणारे दोर म्हणजे अस्थिबंध, आणि स्नायूला हाडाशी जोडणारा दोर म्हणजे कंडरा. टाचेच्या मागे हाताला लागणारी जाड दोरी ही पोटरीच्या स्नायूंची कंडरा होय. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलताना दाबला-सुटला की द्रव तिच्यात आत-बाहेर होतो आणि तिचे पोषण होते. म्हणून हालचाल थांबली की कूर्चा उपाशी राहते, आणि एकदा झिजली की तिची भरपाई फारच कमी होते.

स्नायू

स्नायूंचे तीन प्रकार आहेत. हाडांना जोडलेले स्नायू इच्छेनुसार चालतात. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतींतले स्नायू आपोआप चालतात. हृदयाचा स्नायू तिसऱ्या प्रकारचा. तो जन्मापूर्वीपासून मरेपर्यंत न थांबता काम करतो. हाडांना जोडलेले स्नायू सहाशेहून अधिक आहेत आणि प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण काहीसे कमी असते.

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाचा पुढचा स्नायू कोपर दुमडतो आणि मागचा सरळ करतो. प्रत्येक स्नायू हजारो तंतूंचा असतो आणि तंतूच्या आत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांच्या बारीक काड्या एकाआड एक रचलेल्या असतात. आकुंचनाच्या वेळी या काड्या स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकींवरून सरकतात. १९५४ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांनी, तसेच स्वतंत्रपणे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी ही कल्पना एकाच वेळी मांडली. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटते, त्यामुळे तंतूत विजेची लहर पसरते, आतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे होते आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढतात. पकड सोडायलाही ऊर्जा लागते. मृत्यूनंतर ऊर्जेचा पुरवठा तुटतो, पकड सुटत नाही आणि शरीर ताठरते.

तंतू दोन मुख्य जातींचे असतात. सावकाश चालणारे तंतू न थकता दीर्घकाळ काम करतात. ताठ बसण्या-उभे राहण्याला ते लागतात. झटकन चालणारे तंतू मोठा जोर देतात, पण लवकर थकतात. धावत सुटायला, वजन उचलायला ते लागतात. वय वाढते तसे झटकन चालणारे तंतू आधी घटतात. तोल जाताना पाय चटकन पुढे टाकता येत नाही, आणि वयस्कर माणूस पडतो, त्याचे हे एक कारण आहे.

दुखापती

पाय मुरगळतो तेव्हा बहुधा अस्थिबंध ताणला किंवा फाटला जातो. उसण भरते, लचक भरते तेव्हा स्नायूचे तंतू ताणलेले असतात किंवा तो आकसून राहिलेला असतो. सांधा निखळतो तेव्हा हाड खोबणीतून बाहेर येते. हे सर्वांत अधिक खांद्याच्या बाबतीत घडते, कारण त्याची उखळ उथळ आहे. सूज, वेदना आणि हालचाल बंद होणे ही लक्षणे या तिन्हींत आणि हाड मोडण्यातही सारखीच दिसू शकतात. म्हणून क्ष-किरण छायाचित्राला महत्त्व आहे. विल्हेल्म रंटगेन याने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले आणि मोडलेले हाड त्वचेआड पाहता येऊ लागले.

मोडलेले हाड स्वतःच जुळते. आधी मोडलेल्या जागी रक्त साकळते, मग त्यात मऊ कूर्चेसारखी ऊती भरते, तिचे कठीण हाड होते आणि पुढे काही महिने ते भारानुसार घडत राहते. त्वचा जोडली गेली तरी वण उरतो. हाड मात्र जुळून पूर्ववत होऊ शकते. प्लास्टर, पट्ट्या, सळया यांचे काम एवढेच, की तुकडे योग्य जागी आणि स्थिर ठेवावेत.

खेडोपाडी आजही हाडवैदाकडे जाण्याचा रिवाज आहे. साध्या लचकेला आराम पडला तरी मोडलेल्या हाडावर आवळून बांधलेल्या बांबूच्या पट्ट्या घातक ठरतात. आत सूज वाढते, पट्टी सैल होत नाही आणि रक्तप्रवाह अडतो. स्नायू काही तासांत मरू लागतात, हात कायमचा आकसतो आणि कधी तो कापावा लागतो. १८८१ मध्ये रिचर्ड फोन फोल्कमान याने आवळलेल्या बंधनानंतर हाताला येणाऱ्या अशा आकसाचे वर्णन केले. बोटे बधिर, गार वा निळी पडली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी असो की प्लास्टर, ते त्याच क्षणी सैल व्हायला हवे.

हाडांचे विकार

वाढत्या वयात ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडांत खनिज नीट भरत नाही आणि मुलांना मुडदूस होतो. पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात. हीच तूट मोठ्यांमध्ये झाली तर हाडे मऊ पडतात, अंग ठणकते, जिना चढताना मांड्यांत बळ उरत नाही. उन्हाच्या देशातही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. काळसर त्वचेला ते तयार करायला अधिक ऊन लागते, अंग बहुधा झाकलेले असते, शहरातला दिवस घरात वा कचेरीत जातो आणि रोजच्या जेवणात हे जीवनसत्त्व फारच थोडे असते.

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. यात हाडाचे प्रमाण घटते आणि आतली जाळी विरळ होते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेनचा आधार जातो, अस्थिभंजक पेशींचे काम वाढते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडाचा मोठा हिस्सा ओसरतो. हा विकार हाड मोडेपर्यंत दुखत नाही. साध्या पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडतो. मणके दबत गेले की उंची कमी होते आणि पाठीला पोक येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार, डेक्सा तपासणीत हाडाची घनता निरोगी तरुणांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून कमी भरली तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे अस्थिभंजक पेशींना आवर घालतात. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणारे, फार कृश, धूम्रपान आणि मद्यपान करणारे यांना धोका अधिक असतो.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर उलटे घडते. हाडे जड होतात, पण अस्थिबंधांतही खनिज भरते, कणा बांबूसारखा ताठ होतो आणि माणूस वाकून जातो. भारतात हा फ्लोरोसिस १९३७ मध्ये नेल्लोर भागात प्रथम नोंदवला गेला. महाराष्ट्रात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यामुळे हा प्रश्न आहे. यावर खरा इलाज पाणी बदलणे हाच. भारतीय मानकानुसार लिटरला एक मिलीग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलीग्रॅमपर्यंत मुभा आहे.

हाडांच्या संसर्गांत भारतात क्षयरोगाला विसरता येत नाही. पर्सिव्हल पॉट याने १७७९ मध्ये कण्याच्या अशा विकाराचे वर्णन केले. महिनोन्‌महिने एकाच जागी पाठ दुखणे, संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि पुढे पायांतले बळ जाणे असा त्याचा क्रम असतो. बनारस हिंदू विद्यापीठातल्या एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मध्यम मार्ग’ जगभर ज्ञात आहे. सगळ्यांवर शस्त्रक्रिया न करता औषधे सर्वांना द्यावीत आणि शस्त्रक्रिया गरजेपुरतीच करावी, असे त्याचे सार आहे.

खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटला की तो भाग मरतो आणि गोल दबतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, मद्य आणि सिकलसेल आजार ही त्याची ठळक कारणे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या भागांत सिकलसेल आढळत असल्याने तरुण वयात खुबा दुखू लागला तर ही शक्यता लक्षात घ्यावी लागते. हाडांचा मूळ कर्करोग दुर्मिळ आहे. किशोरवयात गुडघ्याजवळ वाढणारी सूज आणि रात्री वाढणारे दुखणे दुर्लक्षू नये. उतारवयात स्तन, पुरःस्थ ग्रंथी किंवा फुप्फुस यांतून हाडांत पसरलेला कर्करोगच अधिक दिसतो.

सांध्यांचे विकार

बोलीभाषेत सांधा दुखला की ‘वात’ म्हणतात. या एका शब्दाखाली शंभराहून अधिक वेगवेगळे रोग दडलेले आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांपासून फार भिन्न आहेत. नाव चुकले की औषध चुकते, आणि त्यात गेलेला वेळ सांधा परत देत नाही.

सर्वांत मोठा गट झिजेच्या संधिवाताचा. कूर्चा विरळ होते, हाडाच्या कडा वाढतात, हालचालीबरोबर दुखते आणि विश्रांतीने उतरते. सकाळचा आखडलेपणा असला तर अर्ध्या तासाच्या आत जातो. भारतात गुडघे यात आधी धरतात. वाढलेले वजन हे टाळता येण्याजोगे मोठे कारण आहे. वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम हा वेदनाशामक गोळीइतकाच मोलाचा उपचार आहे. झिजलेल्या गुडघ्याला उकिडवे बसणे सोसत नाही, म्हणून चौरंग, उंच चूल-ओटा, खुर्चीचे शौचकूप असे घरातले साधे बदल उपयोगी पडतात. शेवटच्या टप्प्यात सांधा बदलता येतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली याने १९६२ मध्ये धातूचा गोल आणि प्लास्टिकची वाटी यांचा कृत्रिम खुबा रुळवला. गुडघ्याचे आधुनिक कृत्रिम सांधे त्यानंतर विकसित झाले.

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा वेगळाच रोग. यात शरीराची प्रतिकार यंत्रणा सांध्याच्या आतल्या पापुद्र्यावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सारखीच सुजतात, सकाळी तासभर आखडलेपणा राहतो, आणि विश्रांतीने दुखणे वाढते. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण इथे १९९६ मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे व स्नायूंच्या तक्रारी असल्याचे दिसले. त्यांतल्या बहुतेक मऊ ऊतींच्या आणि झिजेच्या होत्या, तर आमवाताचे प्रमाण अर्धा टक्का होते. अर्धा टक्का लहान वाटतो, पण हा रोग ऐन उमेदीत गाठतो आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच बोटे वाकडी करू लागतो. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे मुख्य औषध. ज्या प्रयोगशाळेत ते घडले तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा.

विशी-तिशीतल्या तरुणाची कंबर पहाटे दुखते, उठून हालचाल केली की मोकळी होते, आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालते, तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची शंका घ्यावी. यात कण्याचे सांधे हळूहळू जखडतात. एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी याचा संबंध १९७३ मध्ये कळला. व्यायाम हा या रोगात उपचाराचा कणाच आहे.

गाऊट हा युरिक आम्लाचा रोग. रक्तातले प्रमाण वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात आणि एका रात्रीत पायाचा आंगठा लालभडक सुजतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. झटका ओसरला म्हणजे रोग गेला असे नाही. ॲलोप्युरिनॉलसारखी औषधे नियमाने घेऊन युरिक आम्ल खाली ठेवले तर झटके थांबतात. मद्य, विशेषतः बिअर, आणि गोड पेये हा त्रास वाढवतात.

चिकुनगुनियाने सांध्यांचा वेगळा प्रश्न उभा केला. १९५२-५३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे पठारावर हा विषाणू ओळखला गेला, आणि ‘वाकवणारा’ अशा अर्थाच्या माकोंदे शब्दावरून त्याचे नाव पडले. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली, आणि दीर्घ खंडानंतर २००५-०६ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर परतला. ताप आठवड्यात उतरतो, पण घोटे, मनगटे, बोटे काही जणांची महिनोन्‌महिने दुखतात. हा विषाणू पसरवणारा एडीस डास साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करणे हा सांधे वाचवण्याचाही उपाय आहे.

पाठ, मान आणि खांदा

कंबरदुखी हे जगात अपंगत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. २०२० मध्ये सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती होती. बहुतेक वेळा तिच्यामागे गंभीर रोग नसतो आणि ती काही आठवड्यांत उतरते. पूर्वी सांगितली जाणारी दीर्घ विश्रांती आता टाळायला सांगतात, कारण पडून राहिल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात. चकतीचा मऊ भाग मागे सरकून नसेवर दाब आला तर कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. याला सायटिका म्हणतात. यातलेही बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. मात्र लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागेचा बधिरपणा, पायांतले बळ कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत. ताप, घटते वजन, रात्रीची कळ आणि पडल्यानंतरचे दुखणे यांचीही लगेच तपासणी हवी.

खांदा आखडून हात मागे वा वर न जाणे म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेहात तो अधिक दिसतो. मनगटातल्या बोळात नस दाबली गेल्यास रात्री आंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. गरोदरपण, थायरॉइडचे विकार आणि मनगटाचे सततचे काम ही त्याची कारणे.

स्नायूंचे विकार

पोटरीत गोळा येणे हा सर्वांत साधा त्रास. उन्हातले श्रम, घामावाटे गेलेले क्षार, गरोदरपण, काही औषधे यांमुळे तो होतो आणि स्नायू ताणून धरल्यास सुटतो. सर्वांगाला येणारा अशक्तपणा मात्र वेगळा तपासावा लागतो. थायरॉइडचे विकार, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे यांचा परिणाम स्नायूंवर होतो, आणि कारण दूर झाले की तो बहुधा भरून येतो.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक रोग साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो. त्याचा दोष क्ष गुणसूत्रावर असल्याने तो बहुधा आईकडून मुलाकडे येतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या भरदार दिसतात, आणि जमिनीवरून उठताना तो हात स्वतःच्याच मांड्यांवर टेकवत वर चढतो. डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या अभावी तंतू फाटत जातात, हे १९८६-८७ मध्ये उलगडले. स्टेरॉइड औषधांनी चालणे काही वर्षे टिकवता येते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या रोगात नस आणि स्नायू यांच्यातला निरोप अडतो. सकाळी माणूस बरा असतो आणि संध्याकाळी पापण्या मिटू लागतात.

काही वेळा स्नायू सुकतो, पण दोष नसेत असतो. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायू रोडावतात. भारतात नैसर्गिक विषाणूने झालेला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. स्नायूंच्या एका मोठ्या दुखण्यावर लसीकरणाने मिळवलेला हा विजय आहे.

सर्वांना गाठणारा विकार म्हणजे वयाबरोबर होणारी स्नायूंची घट, सार्कोपेनिया. तिशीनंतर दर दशकात काही टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर वेग वाढतो. मुठीची पकड सैल होणे, हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता न येणे, रस्ता ओलांडताना मागे पडणे या त्याच्या खुणा आहेत.

जोपासना

हाडांची जोपासना बालपणीच सुरू होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला रोज १,००० मिलीग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलीग्रॅम असते. दूध, दही, तीळ, पालेभाज्या, काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी हेही चांगले स्रोत. डाळ, कडधान्ये, अंडी, मासे यांतली प्रथिने स्नायूंना लागतात, आणि वय वाढेल तशी ती कमी न करता जपावी लागतात. मुलांनी उड्या माराव्यात, धावावे. वाढत्या हाडाला असा भार हवाच असतो.

प्रौढपणी चालण्याला ताकदीच्या व्यायामाची जोड हवी. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंवर ओझे पडेल असा व्यायाम साठीनंतरही स्नायू वाढवतो, आणि तो करायला व्यायामशाळाच लागते असे नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, एका पायावर तोल सांभाळणे एवढेही पुरते.

उतारवयात पडणे टाळणे हा स्वतंत्र उपचारच आहे. न्हाणीघरात धरायला दांडी, ओल्या फरशीवर न घसरणारी चटई, रात्री मोरीच्या वाटेवर दिवा, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार यांनी अनेक खुबे वाचतात. तरीही खुबा मोडलाच, तर एकेकाळी रुग्णाला वजने बांधून आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत. त्यात पाठीला व्रण पडत, छातीत कफ साठे, आणि हाड जुळले तरी माणूस उठत नसे. आता शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करतात, आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी ऐंशीच्या आजींनाही वॉकर धरून पलंगाशेजारी उभे करतात. त्या उभे राहण्याने मोडलेल्या हाडावर पुन्हा भार येतो, मांडीचा स्नायू कामाला लागतो, आणि दोन्ही ऊतींना टिकून राहण्यासाठी लागते ती चालना परत मिळते.